खिशातली पक्कड आणि कौतुकाचं पत्र

मित्रांनो, मी एक पक्कड आहे, खिशात मावणारी आणि आता जुनी झालेली. दुकानाच्या काउंटरवर माझ्यापुढे 'मल्टिटूल' अशी चिठ्ठी लावली होती, कारण माझ्या दोन मुठींमध्ये चार स्क्रूड्रायव्हर, एक छोटी कात्री, एक कानस आणि एक चिमटा दुमडून बसवलेले आहेत. सुरी मात्र नाही. घरात सगळे मला पक्कडच म्हणायचे आणि मलाही तेच नाव आवडतं.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाच्या लांब पट्टीतून मला ठोकून काढलं, लालबुंद तापवलं आणि तेलात बुडवलं. शेवटी एका तपासनीस बाईंनी माझं एकेक हत्यार वीस वेळा उघडलं, वीस वेळा मिटलं आणि मला चांगल्या मालाच्या पेटीत टाकलं. पास झाल्याचा मला फार अभिमान वाटला होता. तेव्हा मला वाटायचं, चांगलं काम करणाऱ्याचं जगात चांगलंच होतं.

दुकानात मी काचेखाली पाच महिने काढले. माझ्या शेजारी अठरा हत्यारांची एक जाडजूड पक्कड होती. येणारं गिऱ्हाईक तिलाच हातात घ्यायचं आणि मी आपली बघत बसायचे. मग एके दिवशी माझे मालक आले, सोबत मालकीणबाई. मालक ऑफिसांमधली फोटोकॉपी मशीनं दुरुस्त करायचे. मालकीणबाई घरी कपडे अल्टर करायच्या. मालकांची अडचण साधी होती. दिवसाला सहा-सात इमारती फिरायच्या आणि प्रत्येक फाटकावर पहारेकरी हत्यारांची पिशवी ओतून बघायचे. सुरी दिसली की ती काढून ठेवा, वहीत सही करा, परत जाताना मागून घ्या. निम्मा दिवस फाटकावरच जायचा.

"हे मोठं घ्या," दुकानदार म्हणाला. "यात करवत आहे. माशाचे खवले काढायचंसुद्धा आहे."

"ऑफिसात मासे कोण आणतंय?" मालक म्हणाले.

त्यांनी खिशातून एक कागदाची पुडी काढली. तीत मशीनचे तीन स्क्रू होते. प्रत्येक पक्कडीचा स्क्रूड्रायव्हर त्यांनी त्या तिन्हींवर लावून पाहिला. मग प्रत्येक पक्कड एकाच हाताने उघडून पाहिली, कारण दुसरा हात नेहमी मशीनच्या पोटात असतो. स्क्रूड्रायव्हर जोरात दाबला तर तो उलटा मिटून बोटावर येतो का, तेही पाहिलं. एकीने त्यांचं बोट चिमटलं. त्यांनी ती बाजूला ठेवली. शेवटी उरलेल्या दोघींना पाळीपाळीने पँटच्या खिशात घालून ते चक्क दुकानात उकिडवे बसले. ती जाडजूड पक्कड त्यांच्या पोटात टोचली. मी नाही टोचले.

"लग्नाला हो म्हणायला तुम्हाला एवढा वेळ लागला नव्हता," स्टुलावर बसून कंटाळलेल्या मालकीणबाई म्हणाल्या.

"तेव्हा खिशात घालून बघायची सोय नव्हती."

त्या हसल्या आणि मी त्या घरात आले. सुरी नाही म्हणून माझी निवड झाली याचं मला सुरुवातीला वाईट वाटायचं. आपल्याकडे काय आहे ते सोडून काय नाही यासाठी कौतुक झालं तर कुणालाही वाटेल. पण फाटकावरचा पहारेकरी मला उलटीपालटी करून "सुरी नाही ना? मग जा," म्हणायचा तेव्हा मालक माझ्यावरून हलकेच अंगठा फिरवायचे. मग माझा राग निवळला.

मित्रांनो, नऊ वर्षं आम्ही दोघांनी काम केलं. मालकांची एक पद्धत होती. ते मशीन लगेच उघडत नसत. आधी चालू करायला लावायचे आणि कान देऊन ऐकायचे. आजूबाजूचे कारकून आपलं गाऱ्हाणं सांगू लागले की म्हणायचे, "थांबा जरा, आधी तिला बोलू द्या." मग हात बरोबर बिघाडाच्या जागीच जायचा. अडकलेला कागदाचा कपटा, निसटलेली स्प्रिंग, सैल झालेला स्क्रू, सगळं मी माझ्या टोकाने धरलं आहे. मशीनची काळी भुकटी माझ्या सांध्यात जाऊन बसायची. सुट्टीच्या दिवशी मालक जुन्या टूथब्रशने मला घासायचे आणि मालकीणबाईंच्या बाटलीतलं शिलाई मशीनचं तेल एक थेंब सोडायचे. मी हातात आहेच म्हटल्यावर त्यांचं शिलाई मशीनही तपासून व्हायचं. त्या मशीनला बाहेरच्या माणसाचा हात कधी लागला नव्हता.

मग कंपनीने नवी मशीनं आणली. त्यांचे आतले भाग बंद डब्यांत असायचे आणि डब्यांवर कागदी सील. नव्या साहेबांनी सगळ्या मेकॅनिकांना बोलावून सांगितलं की डबा उघडायचा नाही, अख्खा बदलायचा आणि जुना फेकून द्यायचा. सील तोडणार नाही, असं सगळ्यांकडून लिहून घेतलं. मालकांनीही सही केली. वर्षभर त्यांनी ते पाळलं. टाकून द्यायचा डबा मांडीवर घेऊन ते बसमध्ये बसायचे आणि बोटाने त्यावर टकटक करत राहायचे. आत काय बिघडलंय ते त्यांना कळलेलं असायचं. मी खिशातच असायचे, पण दिवसचे दिवस मला कुणी उघडायचं नाही.

एके दुपारी चार वाजता एका शाळेतून फोन आला आणि आम्ही तिथे पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा होती. नऊशे प्रश्नपत्रिका छापायच्या होत्या आणि मशीन बंद पडलं होतं. प्रश्नपत्रिका बाहेर पाठवायची सोय नव्हती, फुटल्या तर जबाबदारी हेडक्लार्क बाईंची. मालकांनी कंपनीला फोन लावला. डबा तीन दिवसांनी मिळेल, असं उत्तर आलं. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या ओरडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. खुर्चीत बसून नुसता चष्मा पुसत राहिल्या.

मालकांनी मशीन चालू करून ऐकलं. "आत काहीतरी अडकलंय," ते म्हणाले.

"मग काढा ना."

"काढायची परवानगी नाही, बाई."

"मग कुणाला आहे?"

 मालक खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खिशावरून त्यांचा हात दोनदा माझ्यावर आला आणि दोनदा मागे गेला. मग त्यांनी मला बाहेर काढलं.

डबा गरम होता, तो निवेपर्यंत ते थांबले. सील फोडलं, चार स्क्रू काढले आणि आतल्या दातेरी चाकात अडकलेली वस्तू माझ्या टोकात धरून अलगद ओढली. ती स्टेपलरची एक पिन होती. डबा निवायला लागलेला वेळ सोडला तर सगळं वीस मिनिटांत झालं. मशीन सुरू झालं तेव्हा बाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी मला तळहातावर घेतलं आणि म्हणाल्या, "एवढीशी पक्कड, पण लाज राखली माझी." मला इतका आनंद कधी झाला नव्हता. आज वाटतं, त्याच दिवशी माझं टोक मोडलं असतं तर फार बरं झालं असतं.

मित्रांनो, हेडक्लार्क बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर ही गोष्ट घडलीच नसती. परीक्षा संपल्यावर त्यांनी वेळ काढून शाळेच्या कागदावर सुंदर अक्षरात दोन पानी पत्र लिहिलं आणि कंपनीच्या मोठ्या कचेरीत पाठवलं. मालकांना सांगितलं नाही, कारण त्यांना चकित करायचं होतं. कंपनीच्या मेकॅनिकने सील फोडून, खिशातल्या छोट्याशा पक्कडीने, वीस मिनिटांत मशीन कसं सुरू केलं, हे त्यांनी बारीकसारीक तपशिलासह लिहिलं होतं. अशा माणसाची कंपनीने कदर करावी, अशी शेवटी विनंतीही केली होती.

साहेबांनी ते पत्र मालकांना समोर उभं करून वाचून दाखवलं. पहिल्या पानावर मालकांचे कान लाल झाले. त्यांना वाटलं, कौतुक होणार.

"हे खरं आहे?" साहेबांनी विचारलं.

"पिन होती साहेब. एक पिन."

"पिनचा प्रश्न नाही. तुम्ही लिहून दिलं होतं."

साहेब काही आनंदाने बोलत नव्हते. पत्र वरून त्यांच्याकडे आलं होतं आणि वरच्यांनी सीलबद्दलच्या ओळीखाली लाल रेघ मारली होती. मालकांनी ओळखपत्र आणि कंपनीची पिशवी टेबलावर ठेवली. खिशातून मीही निघाले, पण मी त्यांची स्वतःची, म्हणून त्यांच्याकडेच राहिले. साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "हीच का ती?" मालकांनी मान हलवली. मी लाजेने मेले.

दोन महिन्यांनी बाईंचा फोन आला. मालक स्वयंपाकघरात बसले होते आणि मालकीणबाई भाजी निवडत होत्या. बाईंचा आवाज खणखणीत, मला खिशातसुद्धा ऐकू आला. "अहो, माझं पत्र पोचलं का? बढती-बिढती दिली की नाही तुम्हाला?"

मालकांनी भाजीची एक काडी उचलून मोडली. मग म्हणाले, "हो बाई. दिली. तुमच्या पत्राचा फार उपयोग झाला."

"बघा, मी म्हटलंच होतं घरी."

फोन ठेवल्यावर मालकीणबाईंनी विचारलं, "खरं का नाही सांगितलंत?"

"कशाला? चांगल्या मनाने लिहिलं होतं त्यांनी."

दुसऱ्या कंपन्यांनी मालकांना ठेवलं नाही. सील तोडलं म्हणून गेलेला माणूस, एवढं कळलं की पुढे कुणी विचारत नसे. शेवटी एका पार्सलच्या गोदामात खोक्यांवर पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवायचं काम मिळालं. तिथे पक्कड लागत नाही. त्यांनी मला मालकीणबाईंच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि म्हणाले, "तुला लागली तर असू दे."

घर चालत होतं. मालकीणबाईंना काळजी वेगळीच होती. हा माणूस पुन्हा काही हातात धरेल की नाही, ह्या काळजीने त्यांना खाल्लं. त्यांनी इस्त्री बिघडल्यावर मुद्दाम ती मालकांच्या समोर नेऊन ठेवली. "नवीन आणू," मालक म्हणाले. छत्रीची काडी निसटली तर म्हणाले, "टाकून दे." पूर्वी हेच गृहस्थ शेजाऱ्यांच्या मोडक्या छत्र्या मागून आणायचे. मालकीणबाई रागावल्या, लाडीगोडी लावली, एकदा रडल्याही. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि गोदामाच्या चिठ्ठ्यांचं बोटांना लागलेला डिंक खरवडत बसायचे.

मग शिलाई मशीनचेच टाके सुटू लागले. दोन दिवस मालकीणबाईंनी वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाहेरचा मेकॅनिक बोलावला. काम अडलं होतं हे खरं, पण आपल्या मशीनला परक्याने हात लावलेला मालकांना सहन होणार नाही, ही आशाही होती. ड्रॉवर थोडा उघडा राहिला होता, त्यामुळे मला दिसत होतं.

तो बोलघेवडा माणूस बॉबिनच्या डबीचा स्क्रू पिळू लागला. एकदा, दोनदा, पाचदा. दोष तिथे नव्हताच. सुईची दांडी स्क्रू सैल होऊन जराशी खाली सरकली होती. मला ते दिसत होतं. मालकांना तर मशीनचा पहिला आवाज ऐकताच कळलं असणार. त्यांना टॉर्च धरायला सांगितलं होतं. ते मुकाट्याने टॉर्च धरून उभे होते, पण उजेड सारखा वर जायचा आणि बरोबर त्या दांडीच्या स्क्रूवर जाऊन थांबायचा.

"काका, उजेड खाली धरा ना," मेकॅनिक म्हणाला.

मालकीणबाईंनी श्वास रोखून मालकांकडे पाहिलं. मालकांनी उजेड खाली घेतला.

अर्ध्या तासाने मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "जुनं झालंय हो. नवीनच घ्या."

"जुनंच झालंय," मालक म्हणाले.

 मालकीणबाई आत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या.

आठ दिवसांनी भंगारवाला शिलाई मशीन न्यायला आला. मालकांनी ड्रॉवर रिकामा करायला घेतला. बॉबिनी काढल्या, बटणांची पुडी काढली, मोजायची टेप काढली. मग मी हाताला लागले. त्यांनी मला एका हाताने उघडलं, सवयीने. माझ्या सांध्यावर गंज धरला होता, त्यावरून अंगठा फिरवला. मग मला मिटलं, परत ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि ड्रॉवर लावला.

आतून मालकीणबाईंनी विचारलं, "ड्रॉवर रिकामा केलात ना?"

"केला," मालक म्हणाले.

मित्रांनो, तुमचं अडलेलं काम कुणी करून दिलं तर त्याचं कौतुक जरूर करा. पण आधी त्याला हळूच विचारा, की हे कुणाला सांगितलं तर चालेल का. माझी दुसरी विनंती अशी. भंगाराच्या दुकानात काळ्या रंगाचं एक शिलाई मशीन पडलेलं दिसलं तर ते वितळवायला जाऊ देऊ नका. सुईची दांडी किंचित वर सरकवा आणि तिचा स्क्रू अर्धा फेरा आवळा. स्क्रूड्रायव्हर शोधत बसू नका, मी खाली ड्रॉवरमध्येच आहे. मशीन लगेच सुरू होईल. माझ्या मालकांचं काय करायचं, ते मात्र मला ठाऊक नाही.