हिरवी चिठ्ठी

हिरड्या गुलाबी, श्वास ठीक, शेपटी हलतेय. दारातल्या टेबलापाशी द्वारकाताईंनी अर्ध्या मिनिटात बटर कुत्र्याला तपासलं आणि पूर्णिमाच्या हातात हिरवी चिठ्ठी ठेवली. विश्रांतवाडीच्या या प्राण्यांच्या दवाखान्यात लाल चिठ्ठी आधी आत जायची, मग पिवळी. हिरवीवाल्यांनी बसून राहायचं. बटरच्या पंजात काच गेली होती, एवढंच.

"किती वेळ लागेल?" श्रीधरकाकांनी विचारलं.

"तास-दीड तास."

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

श्रीधरकाका पूर्णिमाच्या सोसायटीचे सचिव. रिक्षावाले कुत्रा घेत नाहीत म्हणून ते स्वतःच्या गाडीतून तिला घेऊन आले होते. साडेदहाला पार्किंगमध्ये मीटरच्या पेटीमागून बटर लंगडत बाहेर आला, तेव्हा त्याच्या ओठांना निळा चुरा लागला होता. पूर्णिमा जिना उतरून येण्याआधी काकांनी तो रुमालाने पुसला.

उंदरांनी त्यांच्या गाडीची वायर दोनदा कुरतडली होती. पार्किंगमध्ये विष ठेवायचं नाही, असा सोसायटीचा ठराव होता. नोटिशीखाली सही काकांचीच.

"ताई, याला जरा आधी घ्या ना."

"का?"

"लहान आहे हो."

"तीन वर्षांचा घोडा झालाय." द्वारकाताईंनी कोपऱ्यातल्या टोपलीकडे बोट दाखवलं. आत एक मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकत होतं. "त्याला मागे ढकलू का? इथे ओळखीवर नंबर लागत नाही."

पूर्णिमा हसली. "काका, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त घाबरलाय. पाणी घ्या."

काकांनी पाणी घेतलं. गाडी लावल्यावर त्यांनी मोबाइलवर वाचलं होतं: दोन तासांच्या आत उलटी करवली तर विष बरंचसं बाहेर येतं. नाहीतर तीन-चार दिवसांनी आतून रक्त वाहायला लागतं. तीन-चार दिवसांनी आजची पार्किंगमधली गोष्ट कोणाला आठवणार होती?

बटरने त्यांच्या बुटावर हनुवटी टेकवली.

अकरा चाळीसला काका उठले. "ताई, याने विष खाल्लंय. उंदरांचं."

द्वारकाताईंनी हिरवी चिठ्ठी काढून घेतली, लाल दिली आणि आत हाक मारली. डॉक्टर जिनत हातमोजे चढवतच बाहेर आल्या.

"कुठलं विष?"

काकांनी रुमाल उलगडला. "ब्रोमॅडिओलोन. निळ्या वड्या."

"कधी खाल्लं?"

"साडेदहाला."

"किती वड्या?"

"त्यांना कसं माहीत असणार, डॉक्टर?" पूर्णिमा म्हणाली. "कोणीतरी टाकलं असेल."

माहीत नाही, एवढं म्हटलं तरी चाललं असतं.

"तीन," काका म्हणाले.

"अंदाज नकोय मला. वजनाप्रमाणे हिशोब करायचाय."

"अंदाज नाही. काल चार ठेवल्या होत्या मी. सकाळी चारही होत्या. आता एक उरलीय."

डॉक्टरांनी आकडा लिहून घेतला. "वेळेत आलाय. औषध मात्र महिनाभर द्यावं लागेल," असं पूर्णिमाला सांगून त्या बटरला आत घेऊन गेल्या. दार लागलं. पट्टा पूर्णिमाच्या हातात राहिला. तिने तो मनगटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"रुमालाने तोंड पुसलंत त्याचं."

"हो."

"आणि चौथी वडी?"

काकांनी रुमालाची घडी करून तो खिशात ठेवला.

"तिथेच आहे?"

"पेटीमागे."

"शाळा साडेबाराला सुटते, काका. सगळी पोरं पार्किंगमध्येच खेळतात." ती त्यांच्याकडे न बघता बोलत होती. "जा. आम्ही येऊ आमचे."

त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. किल्लीबरोबर थोडा निळा चुराही बोटांना लागला.