नवऱ्याऐवजी आलेली पेटी

मी हळदोण्याच्या क्लेमेन्सियाबाईंची पत्र्याची पेटी. माझा जन्म आफ्रिकेतल्या किसुमूचा. तिथे इंग्रज सरकारच्या कचेरीत कारकून असलेल्या आनास्तासियोने मला विकत घेतलं, आत लग्नाचा पांढरा झगा आणि एक कागद ठेवला आणि बोटीने गोव्याला धाडलं. त्याला स्वतःला रजा मिळाली नव्हती ना!

तो कागद म्हणजे मुखत्यारपत्र. त्याच्या जोरावर आनास्तासियोचा धाकटा भाऊ बोस्त्यांव चर्चमध्ये नवऱ्याच्या जागी उभा राहिला. बायका म्हणाल्या, "अगं क्लेमेन्सिया, नवरा कुठाय? पेटीत?" पुढे मला घेऊनच ती किसुमूला गेली आणि तीस वर्षं संसार करून दोघं गावी परतली.

सहा वर्षांपूर्वी आनास्तासियो गेला. पोटी मूलबाळ नाही. त्याचं पेन्शन हाच बाईंचा आधार. ते आपल्याला चालू ठेवावं म्हणून त्यांनी विलायतेला अर्ज केला. उत्तर बोस्त्यांवने वाचलं.

"वहिनी, ते विचारतात, लग्नाच्या दिवशी तुझा नवरा किसुमूला कामावर हजर होता. मग इथे तुझ्याशी लग्न केलं कुणी?"

"तूच की रे मेल्या!"

"हे त्यांना कसं पटवू? मुखत्यारपत्र कुठाय?"

बाईंना काही केल्या आठवेना. अहो, कागद माझ्याच तळाशी! गंज लागू नये म्हणून त्यांनीच तो अंथरला होता आणि वर मरणानंतर अंगावर घालायचा झगा ठेवला होता. आमच्याकडे बायका तो आधीच शिवून ठेवतात. पण मला तोंड असून वाचा नाही.

"आता याचीच तयारी," म्हणत एक दिवस बाईंनी झगा उन्हात घालायला काढला आणि पिवळा कागद हाती लागला. त्यावरचा तिथल्या पोर्तुगीज वकिलातीचा शिक्का शाबूत होता. बाई रडल्या, मग हसल्या. "बाई गं, तू माझी लाज राखलीस," म्हणत त्यांनी मला पुसून घेतलं. गंजक्या पत्र्याला आणखी काय हवं?

पेन्शन सुरू झालं. मात्र दर वर्षी 'मी हयात आहे' असं लिहून द्यावं लागतं. पाद्री साक्षीला येतात.

"जिवंत आहात ना, बाई?"

"पेज जेवले, शेजारणीशी भांडले. आणखी काय पुरावा हवा?"

घरात मेज आहे, तरी सही होते ती माझ्याच झाकणावर. आत तो झगा घडी घालून पडलेला असतो. मी त्याला सांगते, बाबा रे, थांब जरा. वर बाई सही करताहेत.