आधी मला नावेत चढवले

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मूर्ती आहे. आयर्लंडहून धर्म सांगायला जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गला आलेल्या आणि इथेच तलवारीने मारल्या गेलेल्या संत किलिआनची. एका कारागिराने मला लिंडनच्या झाडाच्या खोडातून कोरले आणि माइन नदीकाठच्या छोट्या चर्चमध्ये उभे केले. कॅथेड्रलच्या उंच मनोऱ्यांपुढे आमचे चर्च कुणाच्या नजरेत भरत नसे. पण सेवेकरी लोरेन्स रोज माझी धूळ पुसत असे आणि शेजारची म्हातारी ओटिली माझ्या पायांखालचे कापड धुऊन आणत असे.

एका फेब्रुवारीत नदीवरचा बर्फ फुटला. पाणी चर्चमध्ये शिरले. कास्पर नावाड्याने नाव दाराशी आणली. त्याच्या नि लोरेन्सच्या जोडीला तीत एकाचीच जागा होती. ओटिली तिच्या घराच्या वरच्या खिडकीत उभी होती.

"मावशी, उतरा लवकर," कास्पर म्हणाला.

"आधी संतांना न्या रे. मी वर आहे, मला काय धाड भरलीय?"

"काका, लाकूड तरंगतं. मावशी तरंगणार नाहीत," कास्पर लोरेन्सला म्हणाला.

"ती स्वतःच म्हणतेय ना?" लोरेन्स म्हणाला. "एकच खेप. लगेच परत येऊ."

मला चढावर उतरवून ते मागे फिरले, तोवर बर्फाचा भलामोठा तुकडा त्या घरावर आदळला होता. नदीकडची भिंत उरली नव्हती. ओटिली तीन दिवसांनी द्राक्षमळ्याखालच्या झुडपांत सापडली.

मूर्ती पुरातून वाचली, हा लोकांनी मात्र चमत्कार मानला. मला सोनेरी मुलामा दिला, जुलैत संतांच्या सणाच्या मिरवणुकीत पुढे नेऊ लागले. कास्परला खांदा द्यायला बोलावले, तर म्हणाला, "मी एकदा वाहिलंय त्यांना. पुरे झालं."

लोरेन्स येत राहिला, पण माझ्या तोंडाकडे पाहत नसे. एकदा पुसता पुसता थांबला.

"ती म्हणाली म्हणून ऐकलं," तो पुटपुटला. "एरवी तिचं कुठे ऐकत होतो मी?"

त्यानंतर तो आला नाही. माझ्यावर धूळ साचली, लाकडात कीड शिरली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात, मी नाही म्हणत नाही. पण ज्याची मी मूर्ती, तो संत इथे माणसांसाठी आला होता. मागे राहणारे कुणी 'मला काही होत नाही' म्हणाले, तर त्यांचे ऐकू नका. हाताला धरून आधी त्यांना नावेत बसवा.