शेवटचा फर्मा

परदेशातल्या घड्याळजीचं ते पत्र कपाटात कितीतरी वर्षं पडून होतं. त्यात एकच प्रश्न होता : ‘तू गेलास तो गोष्ट अर्धवट टाकून. पुढे तुझं काय झालं?’

म्हातारबुवांनी उत्तराला कितीदा हात घातला आणि कितीदा कागद फाडला. आपल्या आयुष्यात कळवण्यासारखं घडलंय काय? आज पुन्हा पत्र काढून ते तसेच बसले, तेव्हा बायको समोर येऊन बसली.

“हा घड्याळजी कोण, ते तरी एकदा नीट सांगा.”

तिशीच्या आतबाहेर असताना ते तिकडे एका पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होते. भाषा जेमतेम, त्यात स्वभाव भिडस्त. मालकीणबाई म्हणायच्या, “याला एखादा शब्द विचारला तर सुट्टे पैसे मागितल्यासारखा चेहरा करतो.” पण पुस्तक हाती आलं की हा गडी हरवला. घड्याळजीने जुन्या बाजारात घेतलेली खिळखिळी रहस्यकादंबरी बांधायला आली. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, सुटे करता करता याने वाचायला सुरुवात केली. संध्याकाळ झाली तरी चोर काही सापडेना. मग शेवटचा फर्मा कोटाच्या खिशात घालून तो खोलीवर घेऊन गेला, वाचला आणि विसरला. पुस्तक त्याच्याशिवायच शिवलं गेलं.

दोन दिवसांनी घड्याळजी तांबारलेले डोळे घेऊन दारात हजर. “रात्रभर वाचलं. चोर कोण, ते कळायच्या आधीच पुठ्ठा आला.”

याने गपचूप खिशातून फर्मा काढला. कारखाना हसून लोळायचा बाकी राहिला.

“पुन्हा शिवून, सरस वाळेपर्यंत परवा उजाडेल,” मालकीणबाई म्हणाल्या. “तोवर याला शेवट तोंडी सांग.”

“मला शब्द येत नाहीत,” तो पुटपुटला.

“हातपाय येतात ना?”

मग काय करणार? शब्द अडला तिथे त्याने हातवारे केले. चोर कसा लपला ते दाखवायला कातरयंत्राखाली शिरला, आणि बाहेर येताना डोकं आपटलं. घड्याळजी हसता हसता डोळे पुसू लागला. ठरल्या दिवशी तो पुस्तक घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. “छापलेला शेवट फिका आहे रे. डोकं आपटलेला चोरच खरा.” तेव्हापासून दर शनिवारी तो एक पुस्तक घेऊन यायचा, आणि कामं आटपून सगळे याच्याभोवती बसायचे. इतकं मोठ्याने तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

“मग परत आलो. ग्रंथालयात नोकरी, लग्न, दोन मुली. यात सांगण्यासारखं काय?”

“म्हणजे मी काहीच नाही?” बायकोने डोळे वटारले. “मला बघायला आलात आणि बुजून माझ्या काकांशीच तासभर गप्पा मारून गेलात. काका म्हणाले, मुलगा छान आहे, पण त्याला मुलगी बघायची आहे की मी? हे लिहा.”

त्यांना हसू आवरेना. “पण तो आता असेल का गं?”

“तो नसला तर त्याची माणसं वाचतील. तुम्ही लिहा तर खरं.”

त्या दुपारी पेन थांबलंच नाही. काका आले, धाकटीच्या बारशाला विसरलेला पाळणा आला, सगळं आलं. संध्याकाळी पाकीट चिकटवून दोघं पत्रपेटीपाशी गेली.

“अहो, खिसे बघा. शेवटचं पान राहिलं नाही ना?”

त्यांनी खिसा चाचपला. घडी घातलेला कागद हाताला लागला. क्षणभर चेहरा उतरला, मग मिशीतल्या मिशीत हसले.

“राहू दे. त्याला विचारायला काहीतरी उरायला हवं की.”

आणि त्यांनी पाकीट पेटीत टाकलं.