बारावं टिपण

सोनेरी काठाचा कप नगरपालिकेच्या कपाटातून एकवीस वर्षांत दोनदाच बाहेर आला होता. एकदा बिशप आले तेव्हा, आणि एकदा तेच बिशप विसरलेली छत्री न्यायला परत आले तेव्हा. मधल्या काळात कायदा सल्लागार डॉक्टर एलिएसेर पुलिदो यांनी तो एकदा सहज मागून पाहिला होता. सेक्रेटरी रोस्मीरा म्हणाली होती, "आणि फुटला तर, डॉक्टर?" जणू पुलिदोंच्या हातात गेलेली वस्तू फुटायचीच.

आता राजधानीहून आलेली ती बाई दर मंगळवारी त्याच कपातून कॉफी पीत होती.

बाई म्हणजे डॉक्टर हिमेना उर्दानेता. सोतामेसा गावात कायद्याची पदवी घेतली की माणूस डॉक्टर होतो. नाडी पाहता आली नाही तरी चालतं. गावच्या चौकात नवा झाकलेला बाजार व्हायचा होता. जागा नगरपालिकेची, पैसा एका बांधकाम कंपनीचा. तीस वर्षं भाडं कंपनीनं घ्यायचं आणि मग इमारत गावाच्या हवाली करायची, म्हणजे साधारण ती पडायला येईल तेव्हा. एवढा मोठा करार लिहायला नगराध्यक्ष विल्मार सेली यांनी राजधानीतली वकिलांची पेढी नेमली आणि तिनं हिमेनाबाईंना धाडलं. गावचं गटार, स्मशान आणि बसथांबा यांचे करार पुलिदोंनी एकहाती लिहिले होते. या वेळी त्यांच्याकडे काम उरलं ते एवढंच: तयार मसुद्यावर 'पाहिले, योग्य' असा शिक्का मारायचा. स्वयंपाक दुसरीचा, यांनी फक्त मीठ बरोबर आहे म्हणायचं.

बाई सदतिशीची, आवाज हळू, फाईलला तीन रंगांच्या चिठ्ठ्या. सहा आठवड्यांत तिनं रोस्मीराच्या आईच्या गुडघ्याची दोनदा चौकशी केली. रोस्मीराला आई आहे, हे पुलिदोंना त्यातूनच कळलं.

त्यांनी टिपणं पाठवायला सुरुवात केली. पहिलं समासाबद्दल. तिसरं, पहिल्या पानावर गावाचं नाव पुरेशा मोठ्या अक्षरात नसल्याबद्दल. सातवं, बाईंनी मंगळवार ते गुरुवारच का यावं, याबद्दल. नववं शाईच्या रंगाबद्दल होतं. ते लिहायला नको होतं हे पुलिदोंनाही पटलं, पण तोवर त्याला आवक क्रमांक पडला होता.

अकरा टिपणं झाल्यावर रोस्मीरानं विचारलं, "साहेब, डॉक्टरांच्या टिपणांची वेगळी फाईल केलीय. नाव काय घालू?"

"'मत्सर' घाल," नगराध्यक्ष वर न बघता म्हणाले.

थट्टा होती. रोस्मीरानं सुवाच्य अक्षरात घातलं.

शुक्रवारच्या सभेत करार मंजूर व्हायचा होता. आदल्या शनिवारी पुलिदोंनी तीनशे बारा पानांचा अंतिम मसुदा घरी नेला आणि दुपारभर लाल पेन्सिल घेऊन चूक शोधली. सापडेना. उलट सत्तेचाळिसावं कलम सापडलं: ज्या दिवशी छप्पर गळेल त्या दिवशीचं भाडं कंपनीला घेता येणार नाही. दोन ओळी. पुलिदोंनी ते तीनदा वाचलं. एकवीस वर्षांत आपल्याला असलं काही सुचलं नाही. त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली, निळी घेतली, कलम आपल्या वहीत उतरवून घेतलं आणि वही पालथी ठेवली.

एकसष्टावं कलम नेहमीचं होतं. चौकात बसणाऱ्या एकशे चाळीस विक्रेत्यांना नव्या इमारतीत हक्काचा गाळा. मात्र सलग दहा कामकाजाचे दिवस गाळा बंद आढळला तर हक्क संपला, गाळा कंपनीचा. मुदत कामकाजाच्या दिवसांतच मोजतात. पुलिदो स्वतः जन्मभर तशीच मोजत आले होते. त्यांनी बरोबरची खूण केली.

रविवारी ते बटाटे आणायला बाजारात गेले. विक्रेत्यांच्या मंडळाची अध्यक्ष अनातिल्देबाई जाड लोकरी रुआना पांघरून पोत्यांच्या मधोमध, पोत्यांतलंच एक असल्यासारखी बसली होती.

"काय डॉक्टर, मारला का शिक्का?"

"वाचतोय अजून."

"अगंबाई! लिहायला नाही लागला त्या बाईंना एवढा वेळ."

"दोन किलो पिवळे द्या," पुलिदो म्हणाले. "छोटे बघून."

"छोटे कमीच असतात, भाव खातात, तुमच्यासारखे." तिनं पिशवी भरायला घेतली. "आता एकदा तो बाजार होऊ दे. डोक्यावर छप्पर! रविवारी पहाटे शटर वर, रविवारी दुपारी शटर खाली, चावी चोळीत, की आठवडाभर आपला डोंगर आणि आपलं शेत."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी काय? सोमवारी या गावात कोण काय विकत घेतं? कुत्रंसुद्धा नसतं चौकात."

पुलिदोंचा पिशवीकडे गेलेला हात मध्येच थांबला. दहा कामकाजाचे दिवस म्हणजे दोन आठवडे. रविवार हा कामकाजाचा दिवस नव्हे, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. उद्घाटन झालं की तिसऱ्या सोमवारी कंपनीचा माणूस वही घेऊन येणार, एकशे चाळीसच्या एकशे चाळीस गाळे दहा दिवस बंद होते असं लिहिणार, आणि गावचा बाजार शिक्क्यासकट कंपनीच्या खिशात जाणार.

इथं एक गोष्ट नोंदवायला हवी. पुलिदोंच्या मनात पहिल्यांदा काळजी आली नाही. ते हसले, मोकळेपणानं, दात दिसेपर्यंत.

"बाईंचं चुकलं!" ते म्हणाले. आणि सगळं सांगून टाकलं, एकसष्टावं कलम, दहा दिवस, तिसरा सोमवार.

अनातिल्देबाईनं नीट ऐकून घेतलं. मग पिशवीचं तोंड बांधलं. "डॉक्टर, ती बाई बुधवारी डोंगर चढून माझ्या घरी आली. चुलीपाशी बसून गुळाचं पाणी प्यायली. दोन पेले. तुम्ही आलात कधी? तुमचं बिनसलंय ते त्या कपावरून. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"कपाचा इथं काय संबंध?"

"बघा. कप म्हटल्याबरोबर कान लाल."

सोमवारी सकाळी त्यांनी बारावं टिपण लिहिलं, आयुष्यातलं सर्वांत लहान आणि सर्वांत खरं. ते स्वतः घेऊन नगराध्यक्षांच्या खोलीत गेले.

"बारावं?" विल्मार सेलींनी कागदाला हात लावला नाही. "या वेळी काय, बाईंचे बूट?"

"दिवस."

"दिवसांवर तुम्ही सातव्यात आक्षेप घेतलाय. मंगळवारी का येतात म्हणून."

"साहेब, हे खरं आहे."

"म्हणजे आधीची अकरा?" नगराध्यक्ष खुर्चीत मागे रेलले. "डॉक्टर, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण शुक्रवारी कंपनीचा माणूस येणार. तुमचं टिपण वाचून दाखवलं तर तो विचारेल, गावाचा वकील काय म्हणतो? आणि मला फाईलचं नाव सांगावं लागेल. शिक्का मारा. नाही मारलात तर मी दुसरा बनवून घेईन. चौकातला चांभार रबराचे फार छान करतो."

रोस्मीरानं बाराव्या टिपणाला आवक क्रमांक दिला आणि फाईलला लावलं.

सोमवारची संध्याकाळ पुलिदोंची फार सुखात गेली. काहीच करायचं नव्हतं. गप्प बसायचं, शिक्का मारायचा. दोन वर्षांनी बाजार उघडेल, तिसरा सोमवार येईल, गावात हाहाकार होईल. मग कुणीतरी फाईल काढेल आणि त्यात तारखेसह, आवक क्रमांकासह, त्यांचं म्हणणं असेल. हिमेना उर्दानेताचं नाव घेतलं की लोक थुंकतील. कप कपाटात परत जाईल. आपण बरोबर होतो, आणि तेही कागदोपत्री; वकिलाला आणखी काय लागतं?

बटाटे उकडेपर्यंत त्यांनी ते चित्र रंगवलं. नगराध्यक्ष मान खाली घालून उभे होते. रोस्मीरा रडत होती. फक्त अनातिल्देबाई कुठं बसली आहे ते दिसेना. त्यांनी तिला बंद शटरसमोर बसवून पाहिलं, चर्चच्या पायरीवर बसवून पाहिलं, रस्त्याच्या कडेला पोत्यांसकट बसवून पाहिलं. कुठंच नीट बसेना. बटाट्याची सालं सोलता सोलता त्यांचं चित्र बिघडलं ते बिघडलंच.

आपण सांगितलं तर कुणी ऐकणार नव्हतं. बाईनं सांगितलं तर सगळे ऐकणार होते. यातला अन्याय पुलिदोंना दिसत होता, आणि तो आपण स्वतःच अकरा टिपणं खर्चून उभा केला, हेही दिसत होतं.

मंगळवारी हिमेना आली. कप बाहेर आला. पुलिदोंनी तो रिकामा होईपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाले, "डॉक्टर, बाजार पाहायचा का?"

रोस्मीरा टाइप करायची थांबली. सहा आठवड्यांत त्यांनी बाईंशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

दोघं चौकात गेले. चौक लख्ख रिकामा होता. चांभार टोपी तोंडावर घेऊन झोपला होता. अनातिल्देबाईच्या म्हणण्याला बाध आणत एक कुत्रं मात्र होतं.

"बाजार कुठाय?" तिनं विचारलं.

"हाच."

"नाही, म्हणजे आत्ता विक्रेते कुठं हलवलेत? नगराध्यक्षांनी मला लिहून दिलंय, जागा रिकामी, अडथळामुक्त. मी दर मंगळवारी खिडकीतून बघते, रिकामीच असते."

"रविवारी असतात इथं."

"आणि इतर दिवशी?"

"इतर दिवशी," पुलिदो म्हणाले, "हे कुत्रं."

मग ते गप्प बसले. एकवीस वर्षांत त्यांनी कोर्टात, सभेत, अंत्ययात्रेतही कधी वाक्य अर्धवट सोडलं नव्हतं. जिभेच्या टोकावर 'एकसष्ट' हा आकडा उभा होता आणि त्यांनी दातांनी तो धरून ठेवला. आपण आकडा उच्चारला तर ती तेरावी तक्रार होईल. तिला स्वतःला सापडला तर ती दुरुस्ती.

हिमेना चौकाकडे बघत राहिली. "अनातिल्देबाई बुधवारी घरी होत्या," ती सावकाश म्हणाली. "मला वाटलं, माझ्यासाठी धंदा बुडवून थांबल्यात." कानांपासून सुरू झालेला लाल रंग तिच्या गळ्यापर्यंत उतरला. पुलिदोंनी तो बारकाईनं पाहिला. एवढा मोबदला तर त्यांना हवाच होता. तिनं फाईल उघडली. हिरवी चिठ्ठी, पिवळी चिठ्ठी, बोट एकसष्टवर.

"अरे देवा," ती म्हणाली.

पुलिदो कुत्र्याकडे बघत होते.

शुक्रवारी सभागृह भरलं. डोंगरावरून बायका आल्या होत्या, कामकाजाचा दिवस असूनही. हिमेना उठली आणि आपल्या हळू आवाजात म्हणाली, की एकसष्टाव्या कलमात तिच्याकडून गंभीर चूक राहिली होती. 'कामकाजाचे दिवस' ऐवजी 'बाजाराचे रविवार' वाचावं. काय झालं असतं तेही सांगितलं, तिसऱ्या सोमवारासकट. मग टाळ्या पडल्या. अनातिल्देबाई पायही आपटत होती.

"बघा!" नगराध्यक्ष कंपनीच्या माणसाकडे वळले. "स्वतःचीच चूक स्वतः शोधतात. म्हणून माणूस राजधानीतला घ्यावा."

कंपनीच्या माणसाला हा आनंद तितकासा झालेला दिसला नाही, पण एवढ्या टाळ्यांत कोण नाही म्हणणार? "डॉक्टरच म्हणतायत, तर..." असं म्हणत त्यानं पेन काढलं.

बाजूच्या टेबलाशी पुलिदो शाईची डबी उघडून बसले होते. दुरुस्त केलेलं पान त्यांच्यासमोर होतं.

"एक सांगायला हवं," हिमेना म्हणाली. "हे श्रेय खरं तर माझं नाही. डॉक्टर पुलिदो—"

नगराध्यक्षांच्या भुवया वर गेल्या. कंपनीच्या माणसाचं पेन कागदावर टेकता टेकता थांबलं. "पुलिदो म्हणजे ते... शाईवाले?" त्यानं आशेनं विचारलं. "मग हे जरा समितीकडे पाठवून—"

ठप्प.

शिक्का एवढ्या जोरात बसला की डबी उडाली. पुढचे दोन-तीन शब्द कुणालाच ऐकू आले नाहीत.

"पाहिले, योग्य," पुलिदो म्हणाले. "शिक्क्यानंतर चर्चा नाही. नियम आहे."

नियम होता. एकवीस वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिला होता, आणि आजवर त्याचा कुणाला काही उपयोग झाला नव्हता.

तीनच्या बसला हिमेना निघाली तेव्हा अनातिल्देबाईनं तिला पोतंभर बटाटे दिले. ते तिला उचलेना. नगराध्यक्षांनी आजूबाजूला पाहिलं आणि पोतं पुलिदोंच्या खांद्यावर आलं. चौक ओलांडताना मागून अनातिल्देबाईचा आवाज आला, "बघा गं, डॉक्टरांनासुद्धा कामाला लावलं बाईनं!" बायका खो खो हसल्या. एकवीस वर्षं गावाची वकिली केली, पुलिदोंच्या मनात आलं, गटार, स्मशान, बसथांबा. कुणी कधी पोतं दिलं नाही. पोतं चांगलं जड होतं.

"तुम्हाला कधी कळलं?" बसथांब्यावर तिनं विचारलं.

"रविवारी."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं. फाईलला आहे."

"वाचली मी फाईल. रोस्मीरानं दाखवली. समासाबद्दलचं टिपणही बरोबर आहे. बांधणीत अक्षरं जातात."

चूक तिची, टाळ्या तिला, पोतंही तिलाच, एवढं पुलिदो पचवू शकले असते. पण पहिलं टिपण मुळापासून वाचणारी सोतामेसातली एकमेव व्यक्ती हीच निघावी, हे फार होतं.

"अर्धे तुम्ही घ्या," तिनं पोत्याचं तोंड सोडलं.

"नको." मग ते म्हणाले, "मोठे सगळे तुम्ही न्या. छोटे पिवळे मला द्या."

"पिवळे अर्धे अर्धे."

"मग सत्तेचाळिसावं कलम मी पुढच्या करारात वापरणार. नाव न घेता."

"गळतीचं? वापरा," ती म्हणाली आणि खाली वाकून बटाटे निवडायला लागली.

पुलिदोही वाकले. ती कुठले उचलते आहे, यावर त्यांचं बारीक लक्ष होतं.