आइलीच्या सुया

पोस्टाने खेळायच्या बुद्धिबळात पुस्तकं उघडून बसायला परवानगी असते म्हटलं, की लोक डोळे मोठे करतात. "म्हणजे सरळ कॉपीच की!" माझं उत्तर ठरलेलं आहे. घरात बसलेल्या माणसावर पहारा कोण ठेवणार? शिवाय पुस्तक दोघांनाही मोकळं. कुणीही विकत घ्यावं आणि डोकं खपवावं. बंदी आहे ती माणसाची. चाल सुचवायला दुसरं डोकं नको, एवढाच आमच्या लीगचा नियम, आणि त्या लीगचा पंच मी, ओरेस्ट बिलिक.

त्या मार्चमध्ये टोरांटोहून ग्रॅहम पेल्यूचं पत्र आलं. हा वकील. लीगच्या अंतिम डावात त्याच्यासमोर होता आमच्या सडबरीचा वेइक्को लाहटिनेन. पेल्यूचं म्हणणं असं, की वेइक्कोला त्याची बायको आइली पुस्तकं वाचून दाखवते, ही दुसऱ्या माणसाची मदत झाली, सबब चौकशी व्हावी.

माझं डोकंच फिरलं. वेइक्कोचे डोळे निकेलच्या खाणीत सुरुंगाने गेले. ब्रेल शिकायला गेला, तर ड्रिल धरून राठ झालेल्या बोटांना ते ठिपके लागेनात. मग आइली वाचणार नाही तर कोण, पेल्यू येणार होता? स्वतः दोन धड डोळ्यांनी भिंतभर पुस्तकं वाचायची, आणि आंधळ्याच्या बायकोने वाचलं की नियम काढायचे! तसं खरमरीत उत्तर लिहिणारच होतो. पण वेइक्को माझा मित्र, तेव्हा जाऊन बघून येणं भागच होतं.

हा किताब त्याला किती हवा होता, हे मला ठाऊक होतं. खाण सुटली, तळ्यावरची मासेमारी सुटली, उरला तो हा एक पट. वर्षानुवर्षं तो मधल्या फेऱ्यांतच गारद व्हायचा. अलीकडे मात्र त्याचा खेळ असा सुधारला होता, की भलेभले गप्प झाले होते.

शनिवारी दुपारी गेलो. दारात बूट काढले.

"मित्र आलाय की पंच?" आतून वेइक्कोने विचारलं.

"पंच."

"मग आइली, याला वेलचीपावाचा एकच तुकडा दे. नाहीतर पेल्यू म्हणेल, लाच दिली."

पत्रातला मजकूर सांगितला, तशी आइली हसायला लागली. "अहो, मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. मी आपली अक्षरं आणि आकडे वाचते. आमचे पाद्री बायबल वाचतात, म्हणून काय ते देव झाले?"

तिने एक पुस्तक काढून वाचून दाखवलं. आवाजात चढ नाही, उतार नाही. टेलिफोनची डिरेक्टरी वाचावी तसं. माझी खात्री पटली. पेल्यूला लिहायची वाक्यंही मनात जुळायला लागली.

"थांब, आजची चाल ठरवतो, मग कार्ड तूच टाक पोस्टात," वेइक्को म्हणाला. या डावात पुस्तकं केव्हाच मागे पडली होती. आता त्याचं डोकं आणि पेल्यूचं. आइलीने पुस्तक मिटलं आणि टोपलीतून अर्धवट विणलेला हातमोजा घेतला. वेइक्कोने त्याचा भोकांचा पट पुढे ओढला, आणि खुंटीचे मोहरे चाचपत बसला.

"हत्ती," तो पुटपुटला आणि हत्ती उपटला.

सुयांची टिकटिक थांबली. मला वाटलं, तिची ओळ संपली असेल.

"छे." हत्ती परत भोकात गेला. सुया सुरू झाल्या.

"उंट."

सुया थांबल्या. मी मान वळवून पाहिलं. आइलीचं लक्ष विणकामावर नव्हतं. ती पटाकडे बघत होती, चूल पेटते की नाही हे बघावं तशी.

"मग घोडा," वेइक्को म्हणाला. सुया चालूच राहिल्या. "घोडाच."

मी पावाचा तुकडा बशीत ठेवला. "आइली, आणखी थोडी कॉफी मिळेल का?"

ती आत गेल्यावर वेइक्को हळूच म्हणाला, "ऐकलंस ना?"

"काय?"

"डोळे माझे गेलेत ओरेस्ट. तुझे कान कधी गेले?"

"नियमात विणकामाबद्दल काही नाही," मी म्हणालो, आणि मनापासून म्हणालो.

"दुसरं डोकं नको, असं आहे ना? हे दुसरंच डोकं आहे. माझ्यापेक्षा बरं चालतं."

"तिला माहीत आहे?"

"तिला वाटतं ती हातमोजे विणते. आधी मलाही भास वाटला. मग मी ऐकायला लागलो. मग तर वाटच बघायला लागलो." त्याने पटावरून हात फिरवला. "सांगितलं असतं तर ती स्वयंपाकघरात जाऊन बसली असती. मग माझ्याजवळ काय, या खुंट्या?"

"मी पेल्यूला लिहितो, काही सापडलं नाही."

"एकटा ऐकत होतो तोवर माझं निभत होतं. आता तूही ऐकलंस."

आइली कॉफी घेऊन आली. "कार्ड घे," वेइक्को तिला म्हणाला. "लिही, लाहटिनेन डाव सोडतो."

पेन तिच्या हातातच राहिलं. "काय सोडतो?"

"डाव."

"वेडबिड लागलंय का तुला? डाव जिंकलायस! घोड्याने शह दिलास की राजा कोपऱ्यात जातो, मग हत्ती मधे..."

मी कपात बघत राहिलो.

"म्हणूनच," वेइक्को म्हणाला.

तिने पटाकडे पाहिलं, मग टोपलीकडे, मग खुर्चीवर पडलेल्या सुयांकडे. तिची मान लाल होत गेली.

"मी कधी काही बोलले का रे?"

"नाही. थांबायचीस."

मग तिने कार्ड लिहिलं, वेइक्कोचं बोट धरून सहीच्या जागेवर टेकवलं आणि त्याने सही केली. मी ते कोटाच्या खिशात ठेवलं. मला पेल्यूचा राग आला होता, नियमाचा आला होता, आणि सगळ्यात जास्त माझ्या कानांचा.

आइलीने लोकर गोळा केली आणि आत निघाली.

"कुठे चाललीस?"

"तिकडेच बसते."

"इथे बस," वेइक्को म्हणाला. "आता डाव नाही. विण."

मी दारात खाली बसून बूट घालू लागलो. नाड्या काही केल्या बांधल्या जाईनात. तेवढा सगळा वेळ आत सुया चालू होत्या, एकदाही न थांबता.