दुसऱ्या बटणावरची फुली

धाकटी सून धुलाईखान्यात कामाला लागली, त्याला तीन महिने झाले होते. तेवढ्यात इस्त्रीवाल्या बायकांनी तिचं नाव 'चौकशी खातं' ठेवलं, आणि ते काही उगाच नव्हतं. निळीचं पाणी थंडच का, साहेबांच्या कोटाला खळ दोनदा का, हे सगळं तिला कळायला हवं असे. तिच्या सासूबाई तिथल्या मुकादम. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "हात चालव."

राज्य परक्यांचं होतं. ठाण्यातल्या शिपायांचे कपडे इथेच धुतले जात, आणि गावातल्या काही घरांचेही. सुनेकडे बटणांचं काम होतं. चार भोकांचं बटण दोन सरळ रेघांत शिवायचं, हा इथला नियम. त्यात टाकाभर फरक पडला तरी सासूबाई उसवायला लावत.

म्हणूनच त्या सकाळी ती बुचकळ्यात पडली. गावच्या शाळेतल्या मास्तरीणबाईंच्या घरचा पांढरा सदरा गठ्ठ्यात बांधताना पाहते तर वरून दुसऱ्या बटणावर चक्क फुली. आणि ते बटण शिवलं होतं खुद्द सासूबाईंनी. म्हातारीची नजर अधू झाली, या विचाराने तिला गलबलून आलं. बाकीच्या बायकांनी हसायच्या आत तिने बटण उसवलं आणि सरळ शिवून टाकलं. आपण फार गुणाची सून आहोत, असंही तिला वाटून गेलं.

सासूबाई गठ्ठा पोचवून आल्या तेव्हा तिला राहवेना. त्यांच्या कानाशी लागून तिने सांगितलं, की तुमची चूक मी गुपचूप सुधारली. सासूबाईंचा हात जागीच थांबला. इस्त्रीखाली साहेबाचा कोट करपला, तरी त्यांना भान नव्हतं.

मग त्यांनी तिला हौदामागे नेलं आणि पहिल्यांदाच तिच्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. मास्तरीणबाईंच्या घरी दोन बायका लपल्या होत्या, सरकारविरुद्ध पत्रकं छापणाऱ्या. दारात शिपाई बसलेला. तो गठ्ठा उलगडून पाहायचा, बोलणं ऐकायचा, त्यामुळे चिठ्ठी नाही की निरोप नाही. ठाण्यातून बारा कोट संध्याकाळच्या आत मागवले होते. असे कोट एकदम मागवले, की दुसऱ्या दिवशी पहाटे छापा पडतो, हे सासूबाईंनी दोनदा अनुभवलं होतं. फुली म्हणजे, आज रात्रीच मागल्या दाराने निघा.

सासूबाई चप्पल घालू लागल्या, पण त्याच बाईने दिवसात दोनदा फेरी मारली तर शिपायाला वास आलाच असता. सुनेने सुई-दोरा कमरेला खोचला. घाण आपण केली, आपणच निस्तरायची, एवढंच ती म्हणाली.

शिपाई पायरीवर पाय पसरून बसला होता. तिने त्याला रडवेल्या तोंडाने सांगितलं, की बटण चुकीचं शिवलं म्हणून सासूने हाकललंय, ते दुरुस्त केल्याशिवाय घरात घेणार नाही. रडवेलं तोंड करायला तिला मुळीच कष्ट पडले नाहीत. शिपायाला हसू फुटलं. सासू म्हणजे काय चीज असते ते त्यालाही ठाऊक होतं म्हणे, त्याची बायको रोज ऐकवायची. त्याने मास्तरीणबाईंना सदरा आणायला लावला आणि सुनेला म्हणाला, इथेच बस, माझ्यासमोर शीव.

तिने बटण काढलं. एक टाका तिरपा, दुसरा त्याच्यावरून. मास्तरीणबाई दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांची नजर बटणावर आली आणि तिथेच थांबली. शिपायाचीही आली.

"बाकीची सरळ, आणि हे एकच असं का?" त्याने विचारलं.

प्रश्न विचारणाऱ्या माणसाला काय हवं असतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? उत्तर हवं असतं, कसलंही.

"हेच सारखं तुटतं. आडवंतिडवं शिवलं की टिकतं."

शिपायाने क्षणभर विचार केला आणि आपली बाही पुढे केली. त्याचंही एक बटण लोंबत होतं, तेही तसंच लाव म्हणाला. तिने लावलं. भीती वाटली, फार वाटली. हात मात्र शिकलेलं काम करत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बारा कोट धुवायला परत आले. गुडघ्यांना, कोपरांना ओली माती. शिपायांनी मास्तरीणबाईंचं परसदार खणून काढलं होतं, आणि हाती काही लागलं नाही म्हणून ठाण्यात आरडाओरडा चालला होता, असं कपडे आणणारा गाडीवान सांगत होता. शाळेलाही कुलूप होतं.

बायका जेवायला गेल्यावर सासूबाई तिच्याजवळ येऊन बसल्या.

"त्या तिघी कुठे गेल्या, विचार. आज सांगते."

तीन महिने ती या शब्दांची वाट पाहत होती. प्रश्न अगदी जिभेवर आला होता. तिने तो गिळला, आणि गिळताना डोळ्यांत पाणी आलं.

"नको, सासूबाई. उद्या मला धरून नेलं तर मार सोसेल की नाही, मला नाही ठाऊक. जे ठाऊकच नाही, ते मारूनही निघायचं नाही."

"मला तरी कुठे ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या. "बघत होते, विचारतेस का. उद्यापासून गठ्ठे पोचवायला तू जायचंस."

कोणाकडे, हे तिने विचारलं नाही.